वाढलेली काच

मंगळवारी मधल्या सुट्टीनंतर माझे पती आठवीच्या वर्गावर गेले. त्यांनी फळ्यावर घडा काढला, मुलांना तो वहीत काढायला सांगितला आणि ते खुर्चीवर बसले. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा ते उठले नाहीत. मला माझ्या शाळेतून बोलावून आणलं. मी पोचले तेव्हा घडा फळ्यावर होता.

ते चित्रकला शिकवत आणि मी मराठी. शाळा वेगळ्या होत्या, गाव एकच, सिंदेवाही. गावात त्यांना सगळे मास्तर म्हणत. लग्नानंतर त्यांना काय म्हणावं हे मला ठरवता येईना, म्हणून मीही मास्तरच म्हणू लागले आणि तेच राहिलं. आम्हाला मूल नव्हतं. घरात आम्ही दोघं आणि त्यांची आई.

गोंडपिपरीहून नातेवाईक आले. त्यांतल्या एका चुलतसासूने माझ्याशेजारी बसून माझे हात आपल्या हातात घेतले, आणि ती नक्की काय करणार आहे हे मला कळायच्या आत आई दारातून म्हणाल्या, "हिच्या चुड्याले कोणी हात लावाल तं पाहा. धर्म घेतला तवाच ते सारं सोडलं आपण." चुलतसासू उठून स्वयंपाकघरात गेली. माझ्या बांगड्या हातात राहिल्या. त्या एका वाक्याबद्दल मी आईंची कायमची ऋणी आहे. पण पुढचं वर्षभर त्यांच्याच एका शब्दाने मला जेवढं छळलं तेवढं दुसऱ्या कशानेही नाही.

शब्द साधाच आहे. बांगडी फुटली असं बायका म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. कुंकू संपत नाही, वाढतं. नारळसुद्धा फोडत नाहीत, वाढवतात. अशुभ तोंडाने उच्चारू नये म्हणून उलटा शब्द वापरायचा. हे मी वर्गात शिकवत असे आणि मुलींना त्याची गंमत वाटे. घरात आई हा शब्द बांगडीपुरता ठेवत नसत. कपाची कड गेली तरी वाढली, कंदिलाची काच तडकली तरी वाढली. मास्तर असेपर्यंत मला त्याचं काही वाटलं नव्हतं.

आमच्या घरामागे, सांदवाडीत, पत्र्याचं एक छप्पर होतं. मास्तरांनी ते कोळसा ठेवायला म्हणून घातलं आणि हळूहळू त्याची खोली केली. एका अंगाला भिंत बांधली नव्हती. तिथून उत्तरेचा उजेड येई. तो दिवसभर सारखा असतो, काचेवर चमकत नाही, असं ते म्हणत. मधोमध सागाच्या फळ्यांचं टेबल होतं आणि त्यावर जुनं घोंगडं ताणून खिळवलेलं, कारण कठीण लाकडावर काच कापली तर ती मनाला येईल तिकडे जाते. कापायची हिऱ्याची पेन्सिल नव्हती, चाकाची होती. ते चाक प्रत्येक रेघेआधी रॉकेलच्या बोळ्यावर टेकवायचं. चपला घातल्याशिवाय आत जायचं नाही, हा एकच कडक नियम होता. आई म्हणूनच कधी आत आल्या नाहीत. घरात चपला घालणं त्यांना पटत नसे आणि छप्पर त्यांच्या मते घरच होतं. त्या उंबऱ्यापाशी बसून बोलत.

तिथे मास्तर काच वितळवून जोडत. डिंक नाही, शिशाची पट्टी नाही. कापलेले तुकडे एकावर एक मांडायचे आणि भट्टीत एवढीच उष्णता द्यायची की ते वाहून जाणार नाहीत, पण एकमेकांत मुरतील. थंड झाल्यावर सगळ्याची मिळून एकच काच होते. खिडकीच्या साध्या काचेचे तुकडे ते फ्रेमवाल्याकडून आणत आणि रंगासाठी बांगड्या. बाजारात बांगड्या भरताना ज्या जात, त्या बांगडीवाली त्यांच्यासाठी बाजूला ठेवी. रंगांप्रमाणे निवडून चहाच्या रिकाम्या डब्यांत भरलेले ते तुकडे फळीवर रांगेने होते.

वस्तीत तेव्हा नवा विहार बांधायला घेतला होता. पोरं श्रमदान करत, बाया टोपल्यांनी वाळू वाहत. मूर्तीच्या मागच्या भिंतीत एक खिडकी ठेवली होती आणि तिच्यासाठी काचेचं पिंपळपान करून देईन असं मास्तरांनी कबूल केलं होतं. हिरवं पान, पिवळ्या शिरा, भोवती निळं. त्याचं पूर्ण मापाचं चित्र त्यांनी खाकी कागदावर काढून छपराच्या भिंतीला लावलं होतं. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत बोटाएवढी तीन पानं टांगलेली होती, त्यांनी नमुना म्हणून केलेली. सकाळचं ऊन त्यांतून येऊन पोळपाटावर पडे. ती पानं बघून मला वाटलं होतं की काम जवळजवळ झालेलंच आहे, आता फक्त मोठं करायचं.

म्हणून पुण्यानुमोदन झाल्यावर मीच ते करायचं ठरवलं. शाळेतून आल्यावर दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. पुस्तक उघडलं की एकाच ओळीवर डोळे फिरत राहत. भेटायला येणारे सांत्वन करत. "मास्तर गेले नाहीत, आपल्यातच आहेत," असं म्हणत आणि चहा पिऊन जात. मला त्या बोलण्याचा संताप येई. ते गेले होते. गेले या शब्दाला गेले एवढाच अर्थ होता.

मास्तर काम करताना फार बोलत नसत. विचारलं की दोन शब्द सांगत. त्यांच्या भट्टीला तापमान मोजायचं यंत्र नव्हतं. विटांच्या भट्टीत कुंभाराकडून करवून घेतलेली मातीची पेटी, पेटीभोवती दगडी कोळसा, पेटीत काच. धूर आणि राख काचेला लागू नये म्हणून पेटी. पेटीला समोर बघायचं एक भोक होतं. त्यातून रंग बघायचा. आधी काळोख, मग गुंजेचा लाल, मग पळसाचा केशरी. "पळस फुलला की थांबायचं," एवढं ते मला एकदा म्हणाले होते. माझ्याजवळ होतं ते एवढंच.

पहिल्या वेळी पेटीत काचेखाली ठेवलेल्या कवेलूवर, म्हणजे छपराच्या कौलावर, काच चिकटली. छिन्नीने काढताना कवेलू गेलं, काच गेली आणि माझं बोट कापलं. उंबऱ्यावरून आई म्हणाल्या, "छुई नाई लावली का वो? तो तं छुई लावे." छुई म्हणजे भिंतींना पोतारा द्यायची पांढरी माती. तिचा पातळ लेप दिला की काच खाली धरत नाही. दुसऱ्या वेळी लेप दिला. पण काच धुतल्यावर मी ती बोटांनी उचलली होती आणि प्रत्येक बोटाचा ठसा तिच्यावर पांढुरका होऊन भाजला गेला. त्या पुढच्या वेळी भट्टी पुरती निवायच्या आत उघडली. झाकण सरकवलं आणि माझ्या डोळ्यांसमोर आडवा तडा गेला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पट्टी लावून ओढल्यासारखा.

"वाढलं का?" आईंनी विचारलं.

"फुटलं," मी म्हटलं.

मी मुद्दाम म्हटलं होतं आणि ते त्यांना कळलं होतं.

मग एकदा सगळं नीट जमलं. काच राखेने घासून धुतली, कापडाने धरून मांडली. पळस दिसल्यावर आग ओढून काढली, सगळी भोकं चिखलाने लिंपली आणि भट्टीला हात लावून गार लागेपर्यंत तिच्याकडे गेलेसुद्धा नाही. उघडली तेव्हा पान अखंड होतं. वीतभर लांब, हिरवं, निळ्यात बसलेलं. मी ते उजेडात धरलं. आईंना दाखवलं. त्यांनी पदराने हात पुसून त्याच्यावर बोट फिरवलं. "गुळगुळीत झालं वो," म्हणाल्या. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

चार-सहा दिवसांनी मी ओसरीवर वह्या तपासत बसले होते. छपरातून टिक असा आवाज आला. एवढा बारीक, की पाल चुकचुकली असं वाटावं. जाऊन पाहिलं तर टेबलावर ठेवलेल्या पानाला तडा गेला होता. कोणी हात लावला नव्हता. आणि तडा कुठेही गेला नव्हता, बरोबर हिरव्याच्या काठाकाठाने गेला होता, जिथे बांगडीची काच संपते आणि खिडकीची सुरू होते. जणू कोणी पान कातरून वेगळं करत होतं.

पुढचं पानही असंच गेलं. त्याच्या पुढचंही. एक भट्टीतच गेलं, एक उघडल्यावर तासाभरात, एक तर आता टिकलं म्हणून मी बेफिकीर झाल्यावर. मला मास्तरांचा राग येऊ लागला. त्यांना हे येत होतं आणि त्यांनी मला सांगितलं नव्हतं. त्यांच्या हातात काहीतरी होतं आणि ते हाताबरोबर गेलं, असं मनाशी म्हणून मी पुन्हा काच कापायला बसे.

हिरवे तुकडे संपले तेव्हा मी बुधवारच्या बाजारात बांगडीवालीकडे गेले. तिच्यापुढे दोन बाया हात पुढे करून बसल्या होत्या. एकीच्या मनगटावर ती बांगडी चढवत होती. मी घाईत होते, शाळेला जायचं होतं. उभ्याउभ्याच विचारलं, "फुटक्या बांगड्या आहेत का?"

बांगड्या भरत असलेल्या बाईने हात मागे ओढून घेतला. दुसरी माझ्या तोंडाकडे पाहू लागली, मग माझ्या कपाळाकडे.

"अवो मास्तरीणबाई, हळू बोला जी," बांगडीवाली म्हणाली. "भरल्या बाजारात असं म्हणते का कोणी? वाढलेल्या म्हणा."

"काय फरक पडतो? तुकडेच पाहिजेत."

"तुम्हाले नाई पडत, मले पडते. हे गिऱ्हाईक उठलं तं तुम्ही भरता का चुड्या?"

हात ओढून घेतलेली बाई खरंच उठली. "मी मंग येतो वो," म्हणाली आणि गेली. बांगडीवालीने कपाळावर हात मारला. मग खालच्या टोपलीतून एक पुडकं काढून माझ्याकडे न बघता सरकवलं. "मास्तर कसे येत, बाजूले उभे राहत, आन् म्हणत, बाई, माहं सामान हाये का? तुम्ही शिकल्यासवरल्या, तुम्हाले बोलता नाई येत."

मराठी शिकवणाऱ्या बाईला बोलता येत नाही, हे बाजारभर झालं. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत कोणीतरी "वाढीव तुकड्यांचं कसं काय?" असं विचारून हसलं.

विहाराच्या कमिटीचं काम वस्तीतले एक गृहस्थ बघत, त्यांना सगळे भाऊ म्हणत. पोस्टातून निवृत्त झालेले, सगळ्यांची खबर ठेवणारे. ते सायकल टेकवून फाटकातूनच हाक मारत. एका संध्याकाळी म्हणाले, "मास्तरीणबाई, पान पिकलं का नाई अजून? लय दिवस झाले. असंच राह्यलं तं गळून पडन." आणि मग आपण काय बोललो हे त्यांच्या ध्यानात आलं. सायकलची घंटी उगाचच वाजवून ते म्हणाले, "तसं नाई जी. माह्या म्हणण्याचा मतलब तसा नव्हता."

"पिकलं की सांगेन," मी म्हटलं.

"तुमच्याच्यानं नाई होत असन तं तसं सांगा. रागाचं काम नाई. माहा जवाई नागपूरले हाये. तिथी रंगीत काच तयारच भेटते. वैशाखी पौर्णिमेले उद्घाटन हाये, तोवर खिडकी उघडी थोडीच ठेवता येते? वांदरं शिरून राह्यले आत."

ते बरोबरच बोलत होते. म्हणून जास्त राग आला. त्या खिडकीत मास्तरांचं पान बसलं नाही तर नागपूरची कुठलीतरी काच बसेल, आणि मग या गावात त्यांच्या हातचं काहीच राहणार नाही. चित्रकलेच्या मास्तरचं काय उरतं? फळा तर रोजच पुसतात.

आणखी एक पान गेलं त्या दिवशी मी ते उचलून छपराच्या बाहेर फेकलं. तुकडे जास्वंदीपाशी पडले. आई सूप घेऊन आल्या आणि एकेक वेचू लागल्या. "पायात रुतन कोणाच्या," म्हणाल्या. मग घरात जाऊन त्यांनी डालड्याचा मोठा डबा आणला आणि तुकडे त्यात टाकले. टाकताना झालेला आवाज रिकाम्या डब्याचा नव्हता. मी आत पाहिलं. डबा अर्ध्यापेक्षा जास्त भरलेला होता. हिरवं, पिवळं, निळं, आणि सगळ्यांच्या कडांना खिडकीच्या काचेचे टवके.

"हे कधीचे?"

"त्याचेच होत. त्याचं काय सारं साबूत निघे का? वाढे का मी उचलून ठेवो."

"मला कधी बोलले नाहीत."

"तुले कायले सांगन तो? तुले चांगलं चांगलंच दाखवे."

मी डब्याशी बसून राहिले. इतके दिवस मला वाटत होतं की मी त्यांच्यासारखं करू शकत नाही. मी अगदी त्यांच्यासारखंच करत होते. हे कळून बरं वाटायला हवं होतं. मला आणखी एकटं वाटलं. ज्यांच्याकडे उत्तर होतं ते गेले, हे एक दुःख होतं. त्यांच्याकडेही उत्तर नव्हतं, हे दुसरं. आता विचारायचं कोणाला?

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या. आईंना मूल गावी माझ्या नणंदेकडे पोचवायचं होतं. तेव्हा चांद्याकडे, म्हणजे चंद्रपूरकडे, जाणारी गाडी छोट्या लाईनची होती आणि तिच्या येण्याचा भरवसा नसे. आम्ही भर दुपारी फलाटावर चिंचेच्या सावलीत बसलो होतो. समोरचे रूळ चमकत होते. आई बराच वेळ त्यांच्याकडे बघत होत्या.

"ह्या लाईनी काऊन तुटल्या वो जागोजागी?"

"तुटल्या नाहीत आई. मुद्दाम फट ठेवली आहे. उन्हात लोखंड वाढतं."

आईंनी पाय आखडून घेतले. "वाढते? आन् आपण याच लाईनीवरून जाऊन राह्यलो? चाल वो घरी. पोरगी येईन मले पाह्याले."

क्षणभर मला कळेना. मग मी हसले. मास्तर गेल्यापासून पहिल्यांदा, आणि मोठ्याने. शेजारचा माणूस वळून बघू लागला.

"वाढतं म्हणजे फुटत नाही आई. खरोखरचं वाढतं. लांब होतं. जागा नसली तर रूळ वाकडा होईल, म्हणून फट. थंड झालं की परत आखूड."

"मंग असं सांग ना," आई रागावल्या. "शब्द धड वापरत नाई तुम्ही लोक." थोड्या वेळाने म्हणाल्या, "आन् हे खालचं लाकूड? ते नाई वाढत?"

"त्याचं वेगळं," मी वर्गात सांगावं तसं सांगितलं. "प्रत्येक वस्तूचं वाढणं वेगळं असतं. कोणी कमी, कोणी जास्त."

आणि माझंच वाक्य माझ्या कानात राहिलं. गाडी आली, आम्ही चढलो, आई खिडकीशी बसल्या. मूल स्टेशन येईपर्यंत मी दुसरा विचार केला नाही. बांगडीची काच आणि खिडकीची काच. दोन्ही काच, दोन्ही पळसाच्या रंगाला मऊ होणाऱ्या, एकमेकींत मुरून एक झालेल्या. पण एक जास्त वाढणारी, एक कमी. गरम असेपर्यंत दोघींचं जमतं. निवायला लागल्या की एक जास्त आखडते, दुसरी तेवढी आखडत नाही, आणि आता तर दोघी जोडलेल्या. सोडायची सोय नाही, मध्ये फट नाही. मग ती ओढ काचेत कोंडून राहते. एक दिवस, चार दिवस. मग टिक. स्वयंपाकघरातली बोटाएवढी पानं टिकली, कारण तेवढ्याशा काचेत ओढही तेवढीशी असते.

काच वाढलीच होती. आई वर्षभर मला अगदी योग्य शब्द सांगत होत्या. त्यांना तो अर्थ ठाऊक नव्हता आणि मी तो ऐकून घ्यायला तयार नव्हते.

कळलं म्हणून सुटलं, असं मात्र झालं नाही. मूलहून परतल्यावर मी नुसत्या पट्ट्या भाजून पाहिल्या. खिडकीच्या काचेवर बांगडी: तडा. बांगडीवर बांगडी, एकाच पुडक्यातली: धरली. वेगळ्या पुडक्यातली, वेगळ्या रंगाची: तडा. हिरवीचं निळीशी जमेना, पिवळीचं कोणाशीच जमेना. म्हणजे मास्तरांनी खाकी कागदावर काढलेलं पान आमच्या छपरात, आमच्या सामानातून, कधीच होणार नव्हतं. त्यांना हे कळलं होतं की नव्हतं, मला माहीत नाही. मी त्या चित्रासमोर उभी राहिले आणि मला ते काढून टाकावंसं वाटलं. काढलं नाही.

जमत होतं ते एवढंच, की एकाच काचेचे तुकडे त्याच काचेवर ठेवायचे. फ्रेमवाल्याकडे कातरणं होती, पण कुठलं कातरण कुठल्या कारखान्याचं हे त्याला सांगता येईना. आणि आता मला कोणावर विश्वास ठेवायची इच्छा नव्हती. घरात एकच मोठी काच होती. माझ्या पुस्तकांच्या कपाटाची. लग्नानंतर मास्तरांनी चंद्रपूरहून करवून आणलेलं सागाचं कपाट, काचेच्या दोन दारांचं. मी डाव्या दाराच्या पट्ट्या उचकटल्या आणि काच काढली.

आई मूलहून आल्या त्याच दिवशी त्यांच्या लक्षात आलं. "पुस्तकं धूळ खातीन ना वो."

"खाऊ द्या."

त्या एका काचेतून मी सगळं कापलं. खालचा चौकोन, वरचं पान, पानाच्या शिरा, पिंपळाला असते ती लांब शेपटी. शेपटी कापताना पुन्हा पुन्हा मोडत होती. चाकाने रेघ मारून खालून हलकेच ठोकत जायचं आणि श्वास धरायचा. रंग कुठलाच नाही. पान फक्त जाडीने दिसेल, काचेवरची काच. पहाटे भट्टी पेटवली, दुपारी भोकात पळस फुलला, आग ओढली, चिखल लिंपला. मग मी शाळेचे निकाल लिहीत बसले आणि मनात काहीच येऊ दिलं नाही.

अखंड निघालं. एक आठवडा गेला, दुसरा गेला. या काळात पाल चुकचुकली की मी धावत छपरात जाई. आई म्हणत, "पाल हाये वो, पाल." पान तसंच होतं.

भाऊ बघायला आले. पान उजेडात धरून त्यांनी इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं.

"रंग कुठी हाये जी?"

"नाही."

"मास्तरनं तं हिरवं काढलं होतं. मी सोता पाह्यलं."

मी त्यांना लोखंड, लाकूड, बांगडी सगळं सांगू लागले आणि मधेच थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर सांत्वनाला येणाऱ्यांचा भाव आला होता. मग त्यांनी अडखळत सांगितलं की जावयाने नागपूरहून काच पाठवलीसुद्धा आहे. कमळाची, चार रंगांची. लोकांनी वर्गणी दिली आहे, मोठ्या खिडकीत तीच बसवावी लागेल.

"आन् हे?" आईंनी विचारलं. त्या पहिल्यांदाच छपराच्या आत उभ्या होत्या. पायात मास्तरांच्या चपला.

"हे वर झरोक्यात बसवू ना आई."

"नुसतं बसवू बसवू म्हणू नको. बसव. मास्तरचं पान हाये ते."

"हो जी. मास्तरचंच म्हणू."

वैशाखी पौर्णिमेला सगळी वस्ती विहारात होती. वंदना झाली, खीर झाली. लोक कमळाकडे बोट दाखवत होते, पोरं खाली पडलेले रंग तळहातावर धरत होती. झरोका उंच होता. पान दिसायला मान पूर्ण वर करावी लागे आणि वर केली तरी नुसता उजेडच दिसे. नीट बघितल्यावर शिरा. माझ्याशेजारी बसलेल्या बाईने विचारलं, "ते वर काऊन नुसती काच लावली?" मी म्हटलं, "हवा येऊ नये म्हणून." आईंनी माझ्याकडे पाहिलं आणि हसू दाबायला पदर तोंडाला लावला. मला मात्र हसू आलं नाही. एक वर्षभर मी जे केलं त्याला माझ्याच तोंडाने मी खिडकीची काच म्हटलं होतं.

नंतर मी पुन्हा भट्टी पेटवली नाही. आई गेल्या. छप्पर एका वादळात उडालं, विटा शेजाऱ्यांनी गोठ्याला नेल्या. नागपूरची कमळाची काच क्रिकेटच्या चेंडूने गेली. तिथे आता लोखंडी जाळी आहे. डालड्याचा डबा माझ्या पलंगाखाली आहे. विहाराच्या झरोक्यात पान आहे. माझ्या कपाटाच्या डाव्या दाराला काच नाही.